मागच्या दारचं गाऱ्हाणं

आता स्वतःच्या अब्रूचं खोबरं स्वतःच किसून वाढायचं म्हणजे कठीणच, पण वाढते. नाहीतरी अख्ख्या वाडीने ऐकलंयच, तेही स्पीकरवर. तुम्हीच तेवढे राहिलात!

माझा पार्थ. तीन वर्षं पुरी झाली तरी बोलत नव्हता. ऐकू येतं, सगळं कळतं, भूक लागली की माझा हात धरून चुलीपाशी नेऊन उभं करतो. पण तोंडातून शब्द म्हणून नाही. त्याच्या बरोबरीची पोरं आपापल्या आयांना उलट उत्तरं द्यायला लागली होती, आणि मी एका 'आई'साठी त्याच्या तोंडाकडे बघत बसलेली. माडावर कावळा ओरडला तरी मला वाटायचं, बोलला वाटतं! धावत बाहेर जायचे. कावळाच असायचा.

नवरा गोव्याला हॉटेलात कामाला. तोंडवलीच्या घरात मी, पार्थ आणि सासूबाई. सासूबाईंनी रोगाचं कारण केव्हाच शोधून काढलेलं.

"मोबाईल दाखवून दाखवून झिलाक मुको केलंस."

मोबाईल समोर धरल्याशिवाय हा घास घेत नसे, हे खरंच होतं. त्यांचं बोलणं भाताबरोबर गिळायचं आणि भांडी घासायला बसायचं. भांड्यांना बिचाऱ्यांना उगाच मार.

अशात दिवाळीच्या सुट्टीत माझी नणंद आली. सायली. मुंबईला कॉलेजात मीडिया शिकते. वाडीला वाटतं, ही आज ना उद्या टीव्हीवर बातम्या सांगणार. सासूबाईंनी तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

"गो, टीव्हीर कधी दिसतलंस?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"आये, मी टीव्हीत दिसाक जावक नाय. टीव्ही, मोबाईल माणसांका काय करतत, ता शिकाक गेलंय."

सासूबाईंनी पार्थकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि काय ते बघणं! माझ्या हातातली पेज थंड झाली.

मी हळूच विचारलं, "सायले, तुझो विषय तरी नेमको खंयचो?"

"सगळेच गो वयनी. त्यात समाज येता, मन येता, भाषा येता, इतिहास, राजकारण, कॅमेरो, सगळा."

"मगे मुख्य खंयचो?"

"सगळे मिळानच मुख्य."

"म्हणजे ऋषीची भाजी! सगळ्यो भाजयो एकाच टोपात!"

ती हसली. मी नाही हसले. माझ्या डोक्यात दोनच शब्द अडकले होते: मन आणि भाषा. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. आमच्या वेळी गणित म्हणजे गणित आणि मराठी म्हणजे मराठी. त्यांची आपसात ओळखसुद्धा नव्हती. पण एवढं मला कळलं की जिला मुलाचं मनही बघता येतं, भाषाही बघता येते आणि मोबाईलने काय होतं तेही कळतं, ती माझ्या घरात उगाच आलेली नाही. कोणी तरी बोलावलंय हिला. कोणी ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायलीने पिशवीतून एक डबीएवढं यंत्र काढलं आणि एक बटणासारखं काहीतरी.

"वयनी, कॉलेजचो प्रोजेक्ट आसा. मोबाईल नव्हते तेव्हा गावात बातमी कशी फिरायची, बायो कामा करता करता काय बोलतत, देवळात काय बोलतत, ता रेकॉर्ड करूचा आसा. ह्या बटाण पदराक लावतंय. तू रोज बोलतंस तशीच बोल."

तुम्ही सांगा, कोण विश्वास ठेवेल? माझं रोजचं बोलणं म्हणजे 'मेल्या, ती माती तोंडात घालू नको' आणि 'आये, मीठ संपला.' हे ऐकायला कॉलेजातले मास्तर बसलेत? डॉक्टर सुई टोचायच्या आधी गोड बोलतो ना, तसलं हे. परीक्षा माझी होती. आई म्हणून पास की नापास!

मी तयारीला लागले. पहिलं काम, मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरला. दुसरं, पार्थला मांडीवर घेतलं आणि शाळेच्या पुस्तकात होतं तसं सुरू केलं.

"बाळ पार्थ, तो पाहा कावळा. कावळा काळा असतो. आपण कावळ्याला काय बरे म्हणू या?"

पार्थने माझ्या पदराचं बटण तोंडात घालायला बघितलं.

सासूबाई सुपातले तांदूळ पाखडत होत्या. त्यांचे हात थांबले. "कोणाशी बोलतंस गो? कोण सायेब इलो हा?"

"बाळाशी बोलते आहे, आई."

"बाळाशी? अंगात वारा इला काय तुझ्या?"

सायलीने कानातला इअरफोन काढला. "वयनी, असा नको गो. नेहमीसारखी बोल."

"मी नेहमी अशीच बोलते."

तेवढ्यात तांदळाचा डबा वाजायला लागला. नवऱ्याचा फोन! एरवी आठवडा आठवडा उचलत नाही हा माणूस, आणि आज काय मुहूर्त साधला बघा.

"वयनी, फोन वाजता."

"फोन? खंयचो फोन?" घाबरून मी मालवणीवर आले.

सासूबाईंनी उठून झाकण उघडलं, आत हात घातला आणि तांदूळ झटकत फोन बाहेर काढला. "तांदळाक फोन इलो गो! उचल, काय म्हणता बघ."

आणि हे दिसताच माझा लेक, ज्याला मी सकाळपासून कावळा दाखवत होते, दोन्ही हात पसरून मोबाईलकडे असा झेपावला की काय सांगू. सायली बघत होती. सासूबाई बघत होत्या. मला वाटलं, झालं. नापास.

सायलीने उसासा टाकला. "ऱ्हवांदे, वयनी. तू दमलंस. मी तात्यांचा गाऱ्हाणा रेकॉर्ड करून येतंय." आणि यंत्र घेऊन पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गेली. सासूबाईही तिच्या मागे.

तात्या म्हणजे आमचे चुलत सासरे. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं एकट्याने होत नाही. घालणारा देवाला एकेक मागणं मोठ्याने सांगणार, आणि जमलेल्यांनी दर वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय ते देवाला पोचत नाही, असं आमच्यात धरतात. म्हणून सायलीने 'व्हय' म्हणायला वाडीतली चार माणसं चहा पाजून जमवली होती. आपला आवाज कसा येतो ते सगळ्यांना ऐकता यावं म्हणून यंत्राला स्पीकर जोडला होता. हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत की यंत्र गेलं, म्हणजे परीक्षा संपली. पदराच्या बटणाची तर आठवणही नाही. आणि असती तरी काय? तार नाही, काही नाही. यंत्र पुढच्या दारी आणि बटण मागच्या दारी. बटण एकटं काय ऐकणार, असंच मला वाटलं असतं.

पार्थला कडेवर घेऊन मी मागच्या परसात गेले. तिथे फणसाखाली राखणदाराचा, घर राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. खरं म्हणजे बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत नाही. पण त्या वेळी मला दुसरं कोणी उरलं नव्हतं. पोर दगडापाशी बसवलं, हात जोडले आणि तात्या म्हणतात तसं म्हटलं.

"बा देवा म्हाराजा, राखणदारा! आज ही तुझी सून तुझ्या पायाकडे इली हा. ह्या लेकराची जीभ बांधलेली आसा, ती मोकळी कर रे म्हाराजा!"

आणि घरापलीकडून, वाऱ्यावरून आल्यासारखं, चार-पाच गळ्यांतून दणक्यात आलं, "व्हय म्हाराजा!"

देव पावला! दुसरं काय समजणार मी?

(नंतर कळलं, पुढे स्पीकरमधून माझा आवाज आला तेव्हा सायली बंद करायला धावली होती. तात्यांनी तिचा हात धरला. "गाऱ्हाणा अर्ध्यार तोडूचा नाय गो. घालणारा कोणय असूंदे. व्हय म्हणा रे!")

देव ऐकतोय म्हटल्यावर मी थांबते कसली!

"ह्याचो बापूस गोव्याक ऱ्हवता, फोन उचलणा नाय. त्याका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नणंद आमच्यार सोडलेली हा. ती यंत्र घेवन माझे दोष मोजता. तिच्या त्या ऋषीच्या भाजीत माझ्या पोराक शिजवू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी कोणाला तरी ठसका लागल्यासारखं वाटलं. देवांनाही लागत असेल, म्हटलं.

"आणि माझे सासूक जी जीभ दिलंस, ती जरा आखूड कर रे म्हाराजा!"

काय सांगू! या वेळचा 'व्हय' सगळ्यांत मोठा. सासूबाई तिथेच उंबऱ्यात बसल्या होत्या म्हणे.

पण मग माझंच अवसान गेलं. रडू फुटलं. जे इतके दिवस भाताबरोबर गिळत होते ते सगळं वर आलं.

"देवा, त्यांचा काय चुकना नाय. मीच फोन दिलंय त्याच्या हातात. माका एकटीक सुचत नव्हता. ह्या पोराची आवस येडी आसा रे म्हाराजा, येडी आसा!"

मी थांबले. पलीकडून काहीच आलं नाही. पुढच्या खळ्यात, म्हणे, सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. अशाला 'व्हय' कोण म्हणणार?

फणसाचं पान पडलं तेवढा आवाज. गाऱ्हाणं अर्धवट राहिलं.

आणि माझ्या पायाशी, दगडाजवळ बसलेल्या माझ्या लेकाने मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

"व्हय म्हाराजा!"

माझ्या पार्थचे पहिले बोल! 'आई' नाही, 'बाबा' नाही. आई येडी आहे, यावर पहिली साक्ष!

मी त्याला उचललं आणि घराला वळसा घालून धावत सुटले. "बोललो! आये, पार्थ बोललो! देव बोललो, मगे पार्थ बोललो!"

पुढच्या खळ्यात पोचले तर तात्या, ती चार माणसं, सासूबाई, सायली. आणि मधोमध स्पीकर, त्यातून माझंच धापा टाकणं येत होतं. मी जवळ गेले तशी स्पीकरने अशी किंकाळी फोडली की कोंबड्या उडाल्या. मी पदराकडे बघितलं. बटण तिथेच. बारीकसा दिवा लुकलुकत होता, काजव्यासारखा.

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. पण आमची धरणी जांभ्याची, फाटते थोडीच!

सायलीचे डोळे भरलेले. "वयनी, मी तुझी परीक्षा घेवक नाय इल्लंय गो. माका खरोखर नुसतो गावचो आवाज व्हयो होतो."

सासूबाईंनी पार्थला माझ्याकडून घेतलं आणि कडेवर गच्च धरलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जीभ आखूड झाल्यार तुका सांगतलो कोण?" आणि आत जाऊन मला चहा टाकला. पहिल्यांदाच.

ते रेकॉर्डिंग माझ्या परवानगीने सायलीने कॉलेजात दिलं. मास्तरांनी विचारलं म्हणे, हे नक्की कशात घालायचं, धर्मात, समाजात, भाषेत की मनात? ही म्हणाली, "सर, ही ऋषीची भाजी आहे."

मी पार्थला कुडाळला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "काही शब्द बोलतो का?"

"बोलतो. 'व्हय म्हाराजा.'"

"कधी?"

"मी स्वतःला येडी म्हटलं की."

त्या हसल्या नाहीत. तपासलं, लिहिलं, मोबाईल कमी करायला सांगितला. सगळा दोष आईचा असतो असं नाही, असंही म्हणाल्या. पुढे बोलेल का, कधी, किती, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. धीर झाला नाही. एवढंच म्हणाल्या, "ज्याला तो उत्तर देतो, तिथूनच सुरुवात करा. रोज करा."

म्हणून रोज दिवेलागणीला मी त्याला तुळशीपाशी बसवते आणि हात जोडून स्वतःची नालस्ती करते. काही दिवस तो बोलतो. काही दिवस नुसता बघतो, आणि मग रात्रीचं जेवण मला जात नाही.

माझ्याकडच्या शिव्या तर पहिल्या आठवड्यातच संपल्या. माणूस स्वतःला किती आणि काय म्हणणार? मी अडले की पडवीतून सासूबाई पुरवतात. रोज नवी, ताजी, एकीसारखी दुसरी नाही.

त्या दिवशी देवाने माझं तेवढं एक मागणं ऐकलं नाही, ते बरंच झालं.