दोन माणसांचं युनिक्स

वरठीच्या कारखान्यात युनिक्सचा कम्प्युटर आला तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एक मशीन, त्याला दोन पडदे जोडलेले. त्यातलं कळणारी, नागपूरला वर्षभर शिकून आलेली मी एकटीच. साहेबांचा भाचा आणि स्टोअरचे बाबू, दोघांना मीच शिकवलं. घरी बाबांनी अट घातली होती: नोकरी आहे तोवर भंडाऱ्याहून जा-ये कर, सुटली की पाहुणे बोलावतो. त्यामुळे ती खुर्ची मी जिवापाड जपायची.

मशीनसोबत आलेल्या परवान्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'दोन वापरणारे'. म्हणजे एका वेळी दोघं. एकानं उठावं, दुसऱ्यानं बसावं, झालं! पण साहेबांच्या घरी बंदूक होती. तिच्या परवान्यासारखाच त्यांनी हाही परवाना धरला. ज्याचं नाव, त्यानंच हात लावायचा. दोन नावं पाटीवर लिहून दारावर ठोकली, भाच्याचं आणि बाबूंचं. माझं नव्हतंच.

"साहेब, माणसं कितीबी चालतात जी! फक्त एका वेळी दोनच पाहिजेत."

"तू मले कायदा शिकवून राहिली का? उद्या कंपनीनं केस टाकली तर जेलात कोण जाईल?"

बाप्पा! भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

मग विकणाऱ्या कंपनीचा माणूस नागपूरहून आला. मी त्याला फाटकातच गाठलं. "तुमचंच बरोबर आहे, मॅडम," तो हळूच म्हणाला, "पण हे मी सांगितलं, तर तिसरा परवाना कोण घेईल?" वर माझी समजूत घालायला म्हणतो कसा, तिकडे अमेरिकेत काही लोक सॉफ्टवेअर सगळ्यांना मोकळं वाटून द्या म्हणतात, कुलूप नाही, काही नाही.

अस्सा राग आला मला! "ते वरठीले कधी येणार जी?"

तो हसला आणि आत जाऊन साहेबांना म्हणाला, दोन म्हणजे दोनच.

तिसरा परवाना काही साहेबांनी घेतला नाही. "तुझं काही चुकलं नाही, बाई," ते म्हणाले, "पण कागदात जागाच नाही, मी काय करू?" भांडावं तरी कोणाशी? त्या संध्याकाळी डबा घेऊन निघाले ती निघालेच.

पाहुणे लगेचच आले. मी चहा घेऊन उभी. मुलाच्या मामांनी बाबांना विचारलं, "पोरगी काय करते जी?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "घरीच असते."