भिजलेल्या गव्हाचा वास
आज नातसुनेनं गव्हाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, आंबूस वास घरभर झाला आणि मला जाम नदीपलीकडची ती सरकारी घरं आठवली. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही इकडेच, हिंदी बोलणाऱ्या राज्यात राहिलो, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मालक अंथरुणावर होते. मी लोकांच्या कुरड्या करून देऊन घर चालवायचं ठरवलं होतं, पण आमच्या सावरगावात कोणी बोलावेना. जाऊ म्हणाली, "ज्याइले येते त्याइच्या दारी काहाले जातं वं? थे जबलपूरकडचे साहेब लोक आले, त्याइच्या बायकाइले इचार." मला आपल्या माणसांतही बोलणं जड जायचं, हिंदी कुठून आणू? तरी पदराखाली सोऱ्या धरून नदीपलीकडे पांढुर्ण्यात गेले. पहिल्याच घरी एक तरुण बाई भिजलेला गहू मोरीत ओतायला निघाली होती. कोणाचं तरी ऐकून तिनं तो कुरड्यांसाठी भिजवला होता. "सड़ गया," ती रडवेली होऊन म्हणाली. "फेकू नका बाई!" मी एवढ्यानं ओरडले की माझी मलाच लाज वाटली. "असाच वास येते त्याले." तिला किती कळलं कोण जाणे, पण तिनं पातेलं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेवर पांढऱ्या कुरड्या वाळत होत्या आणि शेजारच्या दोघी मला विचारत होत्या, "हमारे यहाँ कब आओगी?" परतताना नदीच्या वाळूत मी कितीतरी वेळ बोटांवर घरं मोजत बसले. आता नातसून नाक दाबून म्हणते, "आजी, हे खराब झालं काय?" मी म्हटलं, "ओतू नको वं."