पिट्ठूची गाठ

मारेगावजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीसमोर एक दगड आहे. लढायांत गेलेल्या गावच्या दोन जवानांची नावं त्यावर होती. तिसरं माझ्यामुळे राहिलं.

बांगलादेशच्या लढाईच्या दिवसांत मी आणि माझा गावचाच मित्र एका पलटणीत होतो. मी लान्स नायक, तो शिपाई. आघाडीवर जाण्याआधी नावेतून नदी ओलांडण्याचा सराव चालला होता. नाव उलटली तर पाठीवरचा पिट्ठू झटकून टाकता यावा, म्हणून त्याचे पट्टे मोकळे ठेवायचे असा सक्त नियम होता. पण आदल्या दिवशी माझ्या नावेतून एक पिट्ठू पाण्यात पडला आणि सराव घेणाऱ्या उस्तादानं सगळ्यांदेखत मला मैदानभर रांगायला लावलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना पट्टे छातीशी बांधायला लावले. गाठही मीच दाखवली. आमच्याकडे वेचणीच्या बाया कापसाच्या गठोड्याला मारतात ती. ताण पडला की आवळतच जाते.

"अबे, मले जिनिंगले नेऊन राह्यला काय?" मित्र हसला.

"गप बस, नाहीतर वजनकाट्यावर ठेवीन."

मधल्या धारेत नाव उलटली. सहा जण बुडाले, त्यांत तोही. माझा पिट्ठू नावेच्या तळाशी होता. सुकाणू माझ्याकडे होतं, आणि सुकाणूवरच्या माणसाला तेवढी सूट असे.

चौकशीत साहेबांनी विचारलं, पट्टे मोकळे ठेवायला सांगितलं होतं का? मी म्हणालो, "हो साहेब." वाचलेले बाकीचे माझ्या हाताखालचे, तेही गप्प राहिले. कागदावर मेलेल्यांचीच चूक लिहिली गेली.

पुढे गावात दगड बसवायचं ठरलं, तेव्हा त्याचं नाव घालायचं का, असं सभेत मला विचारण्यात आलं. "तो लढाईत नाही, सरावात गेला. तेही स्वतःच्या चुकीनं," मी सांगितलं. त्याची आई समोर बसली होती. त्यानंतर त्या घरातलं कोणी झेंड्याला आलं नाही.

यंदा दगड नवा करायचा होता. सरपंचबाई घरी आल्या. "काका, अनावरण तुमच्याच हातानं." मी म्हणालो, आधी ग्रामसभा बोलवा.

सभेत मी सगळं सांगितलं. मित्राचा धाकटा भाऊ आता सत्तरीचा आहे. तो उठला.

"माय जित्ती होती तवा कायले नाही सांगितलं?"

"हिंमत नव्हती."

"मंग आता कुठून आली?"

त्यानं खांद्यावरचा दुपट्टा माझ्याकडे फेकला. "कोणती गाठ? मारून दाखवा."

मी मारली. तो नखांनी सोडवू लागला, मग दातांनी. सुटेना.

"आन् हे पाण्यात..." तो म्हणाला. मग ग्रामसेवकाकडे वळला. "ठरावात लिहा. पट्टे यानं बांधायले लावले."

ग्रामसेवकानं माझ्याकडे पाहिलं.

"लिहा," मी म्हणालो.

दगडावर आता तीन नावं आहेत. अनावरण भावानं केलं. मी मागच्या रांगेत उभा होतो. तो माझ्याशी बोलला नाही.

त्या दिवशी बुडालेल्या बाकी पाच जणांची गावं मला पाठ आहेत. ठरावाची नक्कल जोडून त्यांतल्या एकाच्या घरी पहिलं पत्र काल टाकलं.