आळस नव्हता तो

मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीनंतर मला वेणी घालावीशी वाटेना. हात वर उचलणंच जड जायचं. भिंगारला लष्करी कचेरीतल्या कारकुनांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. पहाटेच जाग यायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पुस्तक उघडलं की ओळी दिसायच्या, अर्थ लागायचा नाही. घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

"लई आळस भरलाय हिच्या अंगात," आई म्हणायची. वडिलांच्या मते ती परीक्षेची भीती होती. आत्या आली नि तिनं निकालच दिला, "लगीन करून टाका, आपोआप सुधारंल." बाहेर दुष्काळ, माणसं खडी फोडायला जात होती, आणि दोन वेळा जेवायला मिळत असून मी रडत होते. हे मला सगळ्यांनी ऐकवलं. मला ते कळत नव्हतं का?

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लिव्हरचं टॉनिक दिलं, मग रक्तवाढीची इंजेक्शनं. आत्यानं अंगारा आणला. उपाय प्रत्येकाकडे होता. तुला काय होतंय, एवढं विचारायला कुणाला सवड नव्हती.

एकदा आई कणीक मळत असताना मी म्हणाले, "मी नसते तर बरं झालं असतं." तिचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी वडिलांना न विचारता ती मला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर बसवलं आणि मला सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

मी होकारार्थी मान हलवली आणि कितीतरी वेळ रडले.

त्यांनी आईला आत बोलावलं. "हा आळस नाही, मनाचा आजार आहे. गोळ्या देते. आणि हिला एकटी सोडू नका."

घरी आल्यावर वडील भडकले. "वेड्यांच्या गोळ्या? उद्या कोण करून घेईल हिला?"

"आधी जगू तर द्या तिला," तिथंच बसलेल्या आत्याकडे बघत आई म्हणाली. मग रोज तिनं स्वतःच्या हातानं गोळी दिली. तोंडाला कोरड पडायची, दिवसभर झोप यायची. अधूनमधून बाईंकडे जाऊन बोलायचं. उन्हाळ्यात कधीतरी मी आपणहून भाकरी मागून घेतली.

ते वर्ष गेलंच. पुढच्या वर्षी पास झाले. वडील पेढे वाटताना दारोदार सांगत होते, "टायफॉईड झाला होता, त्यातून उठली." मी ताट धरून मागे. टायफॉईड असता तर हीच माणसं मोसंबी घेऊन भेटायला आली असती, या विचारानं अंगाची आग होत होती.

"टायफॉईड नव्हता," एका दारात मी म्हणालेच. वडिलांनी डोळे वटारले.

शेजारणीनं पेढा तोंडात टाकला. "झालीस ना बरी? मग कशाला काढायचं आता ते?"