बॅटरीची मेणबत्ती

आदिलाबादजवळच्या जैनथच्या स्टँडवरून मी निघाले तेव्हा अख्खं गाव रडलं आणि पैनगंगा हातभर चढली, असं मी इथे स्कॉटलंडमध्ये सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे स्टँडवर बाबा होते, भाऊ दानिएल होता आणि एक शेळी होती. शेळी रडली नाही. बाबांनी माझ्या पर्समध्ये काडीपेटी कोंबली. "तिकडं दिवस लहान असते म्हणते. लावत जा." ती हैदराबादच्या विमानतळावरच काढून घेतली.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या उडालेल्यांनो, इथला डिसेंबरातला सूर्य उशिरा येतो, सही करतो आणि दुपारीच गायब होतो. मी वृद्धाश्रमात नर्स आहे. इथे म्हाताऱ्यांच्या हाती आग देत नाहीत. नाताळात त्यांना प्लास्टिकची मेणबत्ती मिळते. खाली बटण, वर लुकलुकती ज्योत.

आपल्या चर्चची रीत आठवा. नाताळच्या पहाटे सगळे दिवे मालवायचे. पेटलेली एकच मेणबत्ती दारातून आत येते, मागच्या बाकापासून पुढे जाते, आणि जो तो आपली वात तिच्यावर पेटवतो. ख्रिस्त असाच एकटा अंधारात आला आणि अंधाराला तो विझवता आला नाही, हे पास्टर तासभर समजावतात. बाबा, शाळेतले मास्तर, पाच मिनिटांत दाखवायचे. ती मेणबत्ती आत आणायचा मान चाळीस वर्षं त्यांचा.

मग शुगरने त्यांचे डोळे नेले. दानिएलला भीती, चर्चभर टांगलेले कागदी तारे पेटतील. मान काढून घ्यावा तर बाबा जेवणच सोडतील. तेव्हा अक्कल मी चालवली. आश्रमातल्यासारखी एक मेणबत्ती पार्सल केली आणि बाबांना थाप मारली की हे उत्तर ध्रुवाकडच्या देवमाशाचं मेण आहे. पोळत नाही, गळत नाही, वाऱ्याला भीत नाही. आयुष्यभर त्यांनी माझ्या थापा पकडल्या होत्या. डोळे गेल्यावर ही मात्र गिळली.

त्या पहाटे मी मोबाइलवर बघत होते. बाबा ताठ मानेने आले. बाकाबाकाशी थांबून ते प्लास्टिक पुढे करत, लोक त्याला वात टेकवत, आणि मागून दानिएल लायटरने पेटवत जाई. पोरं तोंड दाबून हसली, मग मोठी माणसंही. मीही हसले. शेवटी पहिल्या बाकावरच्या सालोमीबाई आल्या, नव्वदीच्या. त्यांनी वात पुढे केलीच नाही.

"पेटली का वं, सालोमीबाई?"

"नाई, मास्तर. याच्यात आगच नाई. लेकीनं खेळणं धाडलं तुमाले."

बाबांनी ज्योतीवर तळहात धरला. बराच वेळ. मग ते प्लास्टिक पेनासारखं खिशाला लावलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. फोनवर मला एवढंच म्हणाले, "म्हणजे मीच अंधार घेऊन फिरलो ना बाई, सगळ्यायच्या पुढं."

पुढच्या नाताळाला मी गेले. डिसेंबरात सुट्टी मिळेना, म्हणून आश्रमात सांगितलं की बाबा वारले. चर्चच्या दाराशी त्यांच्या हातात खरी मेणबत्ती दिली, पेटवली. "बाबा, पेटली."

"तू सांगून राह्यली म्हणून?"

आणि त्यांनी ज्योतीत बोट घातलं. शुगरने बोटं बधिर झालेली, म्हणून जास्तच वेळ. मी नर्स आहे. किती वेळात काय होतं ते मला ठाऊक आहे. तरी हात ओढला नाही. माझ्या शब्दाला आता कुठे किंमत होती? वास आला तेव्हा ते म्हणाले, "हाय, आग हाय." आणि आत गेले. मागून दानिएल पाण्याची बादली घेऊन. एकेक वात पेटत गेली, सालोमीबाईंचीसुद्धा. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

फेब्रुवारीत आदिलाबादच्या दवाखान्यात ते बोट कापलं.

इथे कुणी घराबद्दल विचारलं, तर मी अजून रडणारं गाव आणि चढलेली पैनगंगाच सांगते. बोटाचं सांगत नाही. तेवढी एकच गोष्ट मला फुगवून सांगावी लागत नाही. माझं घर आता तेवढंच उरलंय.

काल बाबांचा फोन आला. मी म्हटलं, यंदा मेणबत्ती दानिएलला नेऊ द्या.

"काऊन?" ते म्हणाले. "नऊ हायेत अजून."