देवास गेटच्या हॉलमधली गायिका

आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजात ‘जुन्या जमान्याचा’ म्हणून एक नवा क्लब उघडला. दारू नाही, नुसती कॉफी आणि शनिवारी संध्याकाळी गाणी. मी वर्तमानपत्रात अधूनमधून लिहिते, म्हणून मालकाने मला गाठलं. दाराजवळच्या भिंतीवर त्याला अशा जागांचा इतिहास हवा होता. मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांतले बँड, महूच्या छावणीतले नाच, इंदूरचे ऑर्केस्ट्रा, इथपर्यंत सोपं गेलं. उज्जैनपाशी येऊन अडले.

देवास गेटजवळच्या एका हॉटेलात वरच्या मजल्यावर गाण्याबजावण्याचा हॉल होता, एवढं कळलं. तिथे ड्रम वाजवणारे एक वयस्क गृहस्थही सापडले. मी आडनाव सांगितलं तसे ते माझ्याकडे बघतच राहिले. “आपको नहीं मालूम? आपकी बुआजी वहाँ गाती थीं.”

माझी आत्या. आमच्याच घरात राहणारी, बँकेतून रिटायर झालेली. तिला आरतीच्या वेळीसुद्धा गाताना मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी विषय काढला. बाबांचा घास हातातच राहिला.

“हा विषय या घरात नको.”

“कळू दे तिला, दादा,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “एक हिवाळाभर गायले मी. एके दिवशी गाणं चालू असताना हा स्टेजवर चढला, माइक काढून घेतला आणि मला घरी घेऊन आला. लोक हसत होते.”

“लग्नाची होतीस तू.”

“झालं का लग्न?”

बाबा ताटावरून उठले नाहीत, पण पुढे जेवलेही नाहीत.

शनिवारी आत्या भैरवगढच्या छपाईची साडी नेसून तयार झाली. “मला ती नवी जागा बघायचीय.” बाबांना कुणी चल म्हटलं नव्हतं, तरी ते काठी घेऊन ऑटोत येऊन बसले. दोघांच्या मध्ये मी.

क्लबात एक मुलगी जुनं गाणं म्हणत होती. ते संपताच मालकाने माइक घेतला आणि आत्याची ओळख करून दिली. मी त्याला नको म्हणून बजावलं होतं. सगळे आमच्या टेबलाकडे वळले.

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, “गा. आता मी अडवत नाही.”

आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “तेव्हा तुझ्यामुळे थांबले. आता तुझ्या सांगण्यावरून गाणार नाही.” मग मालकाला म्हणाली, “आज नहीं, बेटा. आप लोग गाइए, मैं सुनूँगी.”

“मग चला घरी,” बाबा म्हणाले.

“तू जा. गाणी संपेपर्यंत मी बसणार आहे.”

बाबा गेले नाहीत. शेवटच्या गाण्यापर्यंत काठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

भिंतीवरच्या मजकुरात आत्याने एकच वाक्य घालायला सांगितलं: इथल्या एका गायिकेचं गाणं घरच्यांनी बंद केलं. छापायला देण्याआधी मी ते बाबांना वाचून दाखवलं.

“घरच्यांनी नको,” ते म्हणाले. “भावाने, असं लिही.”

मी स्वयंपाकघरात जाऊन आत्याला सांगितलं. ती “बरं” म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.