आवणीला न आलेली माणसं

"आधी चीक, मग देव," म्हणत मावशी खोबरेल लावलेल्या चिंधीने बोटं पुसायची. चिकूचा चीक पाण्याने जात नाही. घोलवडच्या पॅकिंग शेडमध्ये जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली दहा मिनिटं बोटं साफ करण्यात जायची, मग बायबलमधला एक अध्याय. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. डबा शेवटी, वेळ उरला तर.

मी तिथे खोक्यांवर पत्ते लिहायचे आणि पिशवीत मजुरांच्या हक्कांची पत्रकं बाळगायचे. देव मी मानत नव्हते, आजही मानत नाही.

मुकादम चिडवायचा, "मासी, तुझ्या देवाला सांग, ट्रक वेळेवर पाठव."

"सांगितलं. तो म्हणतो, आधी मुकादमाला वेळेवर उठव."

अशा बाईला कोण वाळीत टाकेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण ती प्रार्थनेला जायला लागली, गावदेवाच्या पूजेत बसेना, तेव्हा तलासरीकडच्या तिच्या पाड्याने ठरवलं, हिच्या आवणीला जायचं नाही. भाताची रोपं काढून चिखलात लावायचं काम तिथे मजुरीवर होत नाही. घरटी एक माणूस आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. एकटीच्या हाताने ते उरकत नाही.

हे ठाऊक असूनही त्या वर्षी ती सगळ्यांच्या शेतात राबली. कुणी अडवलं नाही. स्वतःच्या दिवशी तिने वीस माणसांचा भात आणि सुकटीचं कालवण रांधलं. शेतात आम्ही दोघीच. अंधार पडेपर्यंत एक कोपरा झाला. उरलेली रोपं जागच्या जागी पिवळी पडली.

"तहसीलदारांकडे अर्ज देऊ," मी म्हटलं.

"पोलीस शेजाऱ्यांना घेऊन जातील. मग पुढच्या आवणीला कोण येईल, तहसीलदार?"

"आणि तुझा देव काय करतोय?"

"माझं काम घेतात ना ते? शेतातून बाहेर काढलं का कुणी? एवढी फट त्यानेच ठेवलीय."

मी तिच्या शेताशेजारच्या एकाला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही मारलं का तिला? नुसते गेलो नाही."

माझी पत्रकं ज्या एकजुटीसाठी गळा काढत होती, ती इथे पक्की होती. एकही घर फुटलं नाही.

पुढच्या पावसात पहिल्याच दिवशी ती त्याच शेजाऱ्याच्या शेतात उतरली. त्याच्या बायकोने तिच्या हातातली रोपांची मूठ काढून घेतली. शिवी नाही, धक्का नाही. बाकीच्या बायका वाकून लावत राहिल्या. ती चिखलातून बांधावर चढली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिने मला एवढंच सांगितलं. मांडीवर पुस्तक उघडं होतं, बोट ओळीखाली होतं, ओठ हलत नव्हते.

"मावशी, वाच ना," मी म्हटलं. मी, देव न मानणारी.

"वाचतेय गं. पण त्याच्याकडून काही येत नाही."

त्याच आठवड्यात ती घराला कुलूप लावून वापीला मुलीकडे गेली. परतली नाही.

दिवाळीनंतर मी पाड्यावर गेले. सगळीकडे भात कापून झाला होता. तिच्या शेतात कमरेएवढं गवत वाळून उभं होतं. या भागात गवत कुणी सोडत नाही, गुरांसाठी कापून नेतात. तिचं कुणी कापलं नव्हतं.